लसणाचा कप्पा

नागण्यांच्या घरात ज्या वस्तूला वास येई, ती सारिकाच्या खोलीत जाई. बाजारातून सुकट-बोंबील आणले, सारिकाच्या खोलीत. फवारणीचा पंप, पेंडीची पोती, नवऱ्याचे म्हणजे औदुंबरचे चिखलात भिजलेले बूट, सगळं तिकडंच. असं कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. "तिला काय वास येतोय?" असं कुणीतरी एकदा बोललं आणि बघता बघता ती त्या घराची रीत होऊन बसली. सारिकालाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

सुरुवात साध्या सर्दीनं झाली होती. सर्दी हटेना, डोकं जड, नाक कायम चोंदलेलं. तपासणीत निघालं की गालांच्या आणि कपाळाच्या हाडांमधल्या पोकळ्यांना कायमची सूज धरली आहे, आणि त्या सुजेतून सोललेल्या द्राक्षांसारखे मऊ फुगवटे नाकात लोंबू लागले आहेत. दोनदा ऑपरेशन करून काढले, दोनदा परत वाढले. पुढं नवी इंजेक्शनं निघाली, फुगवटे सुकले, श्वास मोकळा झाला. वास मात्र परत आला नाही. नाकाच्या छतावर वास ओळखणाऱ्या पेशींची नखाएवढी जागा असते. इतक्या वर्षांच्या सुजेनं ती कामातून गेली होती.

मंगळवेढ्याच्या त्या भागात ज्वारी उदंड. सारिका कडक भाकऱ्या करून विकायची. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. त्याला नाक लागत नाही, हात लागतो. म्हणून धंदा चालला. पण भाकरीबरोबर गिऱ्हाईक शेंगाचटणी मागायचं, आणि चटणी तिनं सोडून दिली होती. लसूण किती भाजला, शेंगदाणा खवट झाला का, हे नाकावाचून कसं कळणार?

तिची आई चटणी करायची ती पंचक्रोशीत नावाजलेली. आई गेली तेव्हा सारिका तिचं लुगडं तोंडावर दाबून बसली होती. मावश्यांना वाटलं, रडतेय. ती रडत नव्हती, शोधत होती. लुगड्यात नुसता कापूस होता.

मग सोलापूरच्या एका केंद्रात वास परत देणारी नवी पट्टी बसवायला लागले.

तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी नाकपुडीत वर बसवतात. तिच्यावर चाळीस कप्पे. प्रत्येक कप्पा हवेतले ठराविक जातीचे कण ओळखतो. कण सापडला की पट्टी कपाळामागच्या एका जाळीला खबर देते. ती जाळी केसाहून पातळ असते, आणि मेंदूच्या तळाशी वासाची जी गाठ असते तिच्यावर अंथरलेली असते. जाळी गाठीला हलका झटका देते आणि माणसाला वास येतो. खऱ्या नाकात असे कप्पे चारेकशे. चाळिसांत सगळं जग बसवायचं म्हणजे दाटी होणारच. आणि कोणत्या झटक्यानं कोणता वास वाटेल हे प्रत्येक माणसाचं निराळं. ते एकेक करून जुळवावं लागतं.

हे जुळवायचं काम नाझिया मुजावर नावाची मुलगी करायची. तिशीच्या आतली, बोलायला तिखट. सारिकानं लसणावरच तिचा सगळा दिवस खाल्ला.

"आता?" नाझियानं विचारलं.

"लसूण हाय. पण आमच्या आईचा न्हाई."

"काकू, लसणाला आई-बाप नसतात."

"भाजलेला पायजे. शेंगदाण्याबरुबर. उखळात कुटलेला."

नाझियानं पुन्हा काटे फिरवले. असं करता करता एकदा सारिकानं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. डोळ्याला दिसलेलं, कानाला ऐकलेलं मेंदूत आधी एका चौकीवर थांबतं आणि मग पुढं जातं. वासाला ती चौकी नाही. तो थेट आठवणींच्या घरात शिरतो. सारिकाच्या समोर आई उखळापाशी बसली होती, पदर खोचून.

"हाच," ती म्हणाली. "जरा वाढवता येईल का? लांबनं आला तरी कळला पायजे."

"कप्पा ऐसपैस करून देते. पण मग थोडंसं लसणासारखं काहीही त्यात शिरेल, सांगून ठेवते."

"शिरू दे की."

घरी आल्यावर चार-पाच दिवस ती घरभर हुंगत फिरली. शरूचं डोकं, सासूची तपकीर, पावाचा कागद. शरू म्हणजे तिची मुलगी शर्वरी, सातवीत होती. "मम्मी, मांजर झालीस तू," म्हणून हसायची. सासू कलावतीबाई म्हणायच्या, "आता आमच्या स्वयंपाकाला नावं ठेव म्हंजे झालं." उखळ पुन्हा बाहेर निघालं. चटणीचा घमघमाट रोज घरात भरू लागला आणि भाकऱ्यांची मागणी दुप्पट झाली.

मागणी वाढली म्हणून औदुंबरनं त्या उन्हाळ्यात ज्वारीही दुप्पट भरली. पत्र्याच्या कोठ्या पुरल्या नाहीत. उरलेली पोती त्यानं आतल्या खोलीत भिंतीला थप्पी लावून रचली, ताडपत्री टाकली, आणि किडा लागू नये म्हणून पोत्यांच्या मध्ये धान्याच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या ठेवल्या. या गोळ्या हवेतल्या ओलीनं विरघळतात आणि विषारी वायू सोडतात. राहत्या घरात ठेवू नका, असं दुकानदारानं त्याला बजावलं होतं. औदुंबरला वाटलं, ताडपत्री आहे. आणि खोली सारिकाची. तिला वासाचा त्रास होत नाही.

नाकात पट्टी बसली होती. पण घराच्या सवयीला ती बसली नव्हती. त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण त्या खोलीत काय ठेवलं हे त्या घरात कधीच कुणी सांगत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारिका पाठ टेकायला आत गेली आणि दारातच थबकली. आईची चटणी. ताजी, आत्ता कुटल्यासारखी. तिनं वळून बघितलं, उखळ धुऊन पालथं घातलेलं होतं. सकाळची चटणी बरणीत गेली होती. असेल त्याचाच वास भिंतीत मुरलेला, असं म्हणत ती आडवी झाली. किती वर्षांनी तिला दुपारची झोप अशी लागली.

उठली तेव्हा डोकं ठणकत होतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. औदुंबरला ती पट्टी पहिल्यापासून पटली नव्हती. "डोक्यात तारा घालून घ्यायच्या म्हंजे काय खेळ हाय का? जरा काय झालं तर काढून टाकायचं, आधीच सांगतो," असं तो ऑपरेशनच्या आधीच म्हणाला होता. डोकेदुखीचं कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी सोलापूरची गाडी धरली असती. सारिकानं कपाळाला बाम चोळला आणि भाकऱ्या थापायला बसली. बामाचा वासही तिला आला. ती एकटीच हसली.

शरूची परीक्षा तोंडावर होती. बाहेरच्या खोलीचा पत्रा तापायचा. म्हणून ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसू लागली. झळ येते म्हणून खिडकी लावलेली. तिसऱ्या दिवशी तिनं जेवण टाकलं. चौथ्या दिवशी उलटी झाली.

"ऊन लागलं," कलावतीबाई म्हणाल्या. "कांदा बांध कानाला."

गावातल्या डॉक्टरनंही तेच म्हटलं, सलाईन लावलं आणि गार जागी पडून राहू द्या म्हणून सांगितलं. घरातली सगळ्यात गार जागा कोणती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मम्मी, घरात लई लसूण वास मारतोय गं," शरू अंथरुणावरून पुटपुटली.

"आपला धंदाच तो, बाळा," सारिका म्हणाली. तिला उलट आनंद झाला. म्हणजे हा वास खरा होता, नुसता डोक्यातला नव्हता. बाकीच्यांना तो येऊन जाऊन सवयीचा झाला होता.

ती लेकीजवळ बसून राहिली. शरूचा श्वास भरभर चालला होता. सारिकाचं डोकं फुटायला आलं होतं, पोटात ढवळत होतं. उठून बाहेर वाऱ्याला जावं असं शरीर सांगत होतं. पण बाहेर गेलं की आई जायची. आत आलं की आई असायची. लेक आजारी असताना आई जवळ असावी असं कुणाला वाटत नाही? सारिकानं डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

आई उखळापाशी होती. लसूण, शेंगदाणे, वरून मूठभर लाल तिखट. मुसळ पडलं की तिखट उडायचं. आई पदरानं नाक झाकायची आणि तरी सटासट शिंकायची. छोटी सारिका खोकत अंगणात पळायची, डोळ्यांतनं पाणी, आणि मागनं आई ओरडायची, "पळ, पळ, ठसका लागला रांडंला!"

सारिकानं डोळे उघडले.

ठसका कुठं आहे?

नाकाला दोन वाटा असतात. एका वाटेनं वास जातो. दुसरी निराळी नस, ती चेहऱ्याची. तिखटाची आग, कांद्याचा झोंबरेपणा त्या नसेनं कळतो. सारिकाची पहिली वाट बुजली होती, दुसरी कधीच बुजली नव्हती. वास नसलेल्या त्या सगळ्या वर्षांत आईची चटणी तिला फक्त ठसक्यानं ओळखू यायची. दिवाळीला आई बरणी पाठवायची, सारिका झाकण उघडून नाक घालायची. वास शून्य, पण शिंक यायची, आणि तेवढ्यानंही बरं वाटायचं.

इथं वास होता, डोकं भणभणावं इतका होता. आणि शिंक नव्हती. घशात काही नव्हतं. अशी चटणी आईनं कधी केली नव्हती. अशी चटणी कुणीच करत नाही.

"शरू, ऊठ."

"न्हाई उठवत."

सारिकानं तिला ओढतच उचललं. बारा वर्षांची पोर, अंग सोडून दिलेलं. उंबऱ्याला पाय अडखळला, दोघी अंगणात पडल्या. "आत्याऽ! बाहेर या! आधी बाहेर या!"

कलावतीबाई आल्या, हातात पंखा. "काय गं, साप निघाला का काय?"

सारिका पुन्हा आत गेली. पदराचा बोळा तोंडावर दाबून तिनं खिडकी ढकलली. आता ती वासाकडं आई म्हणून नाही, चोर म्हणून बघत होती. उखळापाशी काही नाही. बरणीपाशी काही नाही. पोत्यांकडं गेलं की वास वाढत होता. तिनं ताडपत्रीचं टोक उचललं. दोन पोत्यांच्या फटीत फडक्याची पुरचुंडी होती, आणि तिच्यातून राखाडी भुकटी गळत होती.

औदुंबर शेतातून आला तेव्हा शेजारच्या दादासाहेबाची जीप दारात लागली होती आणि शरूला मागच्या बाकावर झोपवलं होतं. सारिकानं त्याला एवढंच विचारलं, "पोत्यात काय ठेवलंय?"

"गोळ्या. का?"

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुला कुठं..." तो म्हणाला. त्यानं जीपमध्ये बघितलं आणि तो तसाच शरूच्या पायांशी चढून बसला.

पंढरपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काही लपवलं नाही. या वायूवर उतारा नाही. शरीर तो बाहेर टाकेपर्यंत हृदयाला आणि फुप्फुसाला आधार द्यायचा, बाकी पोरीची ताकद. "अजून थोडा वेळ त्या खोलीत राहिली असती तर आपण हे बोलत नसतो," ते म्हणाले. पडद्यावर शरूच्या हृदयाची रेघ मध्येच घसरायची, मध्येच लटपटत वर यायची. सारिकालाही प्राणवायू लावला होता. नळी नाकात असताना तिला प्लास्टिकचा वास येत होता, फिनेलचा येत होता, आणि तिला तो नको होता. कुठलाच वास नको होता.

रेघ सरळ चालू लागायला दोन दिवस लागले. शरूनं डोळे उघडून पहिलं काय विचारलं तर, "पेपर बुडला व्हय?" औदुंबर तोंड फिरवून भिंतीकडं उभा राहिला.

महिन्याभरानं सारिका, औदुंबर आणि शरू सोलापूरला नाझियासमोर बसली होती. नाझियानं पट्टीतली नोंद तपासली. तिचा चेहरा उतरला होता.

"काकू, त्या वायूचा कण आणि लसणाचा कण पट्टीला सारखेच वाटले. दोन्ही एकाच कप्प्यात पडले. त्यात कप्पा मी ऐसपैस केलेला."

"मीच सांगितलं होतं."

"मी ऐकायला नको होतं. आता याच्यापेक्षा बारीक पट्टी निघेल तेव्हा निघेल. आज माझ्या हातात एकच आहे. कप्पा वाजला की मेंदूला काय सांगायचं, ते मी बदलू शकते. चटणी सांगायच्या ऐवजी सडल्याची घाण सांगायची. मेलेलं जनावर असतं तशी. माणूस त्या वासात बसूच शकत नाही."

"आणि खरा लसूण?"

"तोही तसाच येईल. कायमचा. एकदा गाठीला ती सवय लागली की मागं फिरवता येणार नाही."

"मोबाईलवर घंटी लावली तर?" औदुंबरनं विचारलं.

"लावते ना. पण घरात दिवसातून चारदा लसूण पडतो, काका. आठवड्यात तुम्ही घंटी बंद कराल." मग ती सारिकाकडं वळली. "आणि खरं सांगा काकू, घंटी वाजतेय आणि आईचा वास येतोय, तर तुम्ही उठाल?"

डोकं फुटत असताना, लेक धापा टाकत असताना आपण तिथं कशा बसून राहिलो होतो, हे सारिकाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

दवाखान्यात असताना औदुंबरच म्हणत होता, काढून टाका ते यंत्र, नाहीतर काय करायचं ते करा. पण सोलापूरला यायच्या आदल्या दिवशी त्यानं तिला चटणी करताना बघितलं होतं. तिनं थोडीच केली, बरणीत भरली नाही. उखळापाशीच बसून कोरभर भाकरीबरोबर एकटीनं खाल्ली, घास घास नाकाशी धरून. तो दारात उभा होता, तिला कळलंही नाही.

"राहू दे, मॅडम," तो आता म्हणाला. "मी गोळ्या परत घरात आणणार न्हाई. शपथ."

"तुम्ही न्हाई आणणार," सारिका म्हणाली. "दादासाहेब भावजी आणतील. त्यांची आणि आपली भिंत एकच हाय. पलीकडं ठेवल्या तर वायू काय विचारून येतोय?"

"अगं पण तुझी आई..."

"आईला बी नात होती." ती खुर्चीत मागं टेकली. "करा मॅडम. नाहीतर माझं मन फिरंल."

काटे फिरवायला फार वेळ लागला नाही. नाझियानं लसणाची पाकळी ठेचून तिच्या नाकासमोर धरली. सारिकाचं डोकं खाडकन मागं गेलं, ओकारी आली, हात आपोआप पुढं होऊन त्यानं नाझियाचा हात झिडकारला. पाकळी कुठंतरी जाऊन पडली.

"लागू झालं," नाझिया हळूच म्हणाली. सारिका बराच वेळ रुमाल तोंडाला लावून बसली होती. तो तिनं काढला तेव्हा रुमाल ओला होता आणि ती उठून उभी राहिली.

घरी नवे दिवस सुरू झाले. आतली खोली रिकामी झाली, पोती शेतातल्या शेडमध्ये गेली. चटणी कलावतीबाई करू लागल्या. त्या लसूण टाकताना सारिका गोठ्याकडं जायची. पण वास काही आपल्याच घरचा येत नाही. शेजारी फोडणी पडली की सारिका हातातलं टाकून उठायची, शरूला धरून अंगणात यायची, आणि काय शिजतंय ते बघून यायची. पहिले काही दिवस लोक हसले.

"वयनी, माझी कढई तपासायला तलाठी आल्यागत येता की ओ!" दादासाहेबाची बायको सुवर्णा म्हणाली.

"तलाठी बरा, त्यो वर्षातनं एकदा येतोय," कलावतीबाईंनी जोड दिली.

पण सुवर्णानंच शरूला त्या दिवशी जीपमध्ये मांडीवर धरलं होतं. हसून झाल्यावर तिनंच ते सुरू केलं. लसूण तेलात टाकायच्या आधी ती भिंतीवरून हाक मारायची, "सारिका वयनीऽ, लसूण टाकतेय ओऽ!" मग पलीकडच्या घरातूनही हाक येऊ लागली. मग समोरच्या. संध्याकाळ झाली की गल्लीत आरोळ्या चालायच्या. हाक आली की सारिका नाकाला पदर लावून जागेवर बसायची, घाण जाईपर्यंत दात आवळून थांबायची. उठायची मात्र नाही.

भादव्यात हवा कुंद झाली. धान्याला पोरकिडे लागायचे दिवस.

एका संध्याकाळी सारिका शरूची वेणी घालत होती आणि ती घाण आली. तिनं सवयीनं पदर नाकाला लावला आणि हाकेची वाट बघितली. हाक आली नाही. तिनं कान दिला. गल्लीत कुठंतरी टीव्ही चालू होता. घाण वाढत होती, भिंतीकडून येत होती.

"शरू, आजीला घेऊन रस्त्यावर जा. पळ."

"मम्मी, लसूणच असंल की..."

"पळ म्हनलं ना!"

औदुंबर अंगणात होता. तिचा चेहरा बघून त्यानं काही विचारलं नाही, पलीकडच्या घराच्या खिडक्यांकडं धावला. सारिकानं सुवर्णाच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. दार उघडलं. सुवर्णाच्या ताटलीत लसणाचा अख्खा गड्डा होता.

"अवो वयनी, काय झालं? मी अजून सोलला बी न्हाई."

"पोरं कुठायत?"

"आत पडल्यात दोघं. दुपारपासनं डोकं दुखतंय म्हनत्यात."

सारिका तिला बाजूला सारून आत शिरली.